फुलात मुक्कामी

त्या वर्षी मामांनी मधमाश्यांच्या चार पेट्या भाड्यानं आणल्या. सासवडच्या पुढे, पुरंदरच्या अंगाला त्यांची दीड एकर सीताफळाची बाग आहे. कुणीतरी डाळिंबात पेट्या ठेवल्या आणि फळ चांगलं धरलं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. डाळिंबाला चालतं ते सीताफळाला का चालू नये, असा साधा हिशोब. मृगाचे दोन पाऊस होऊन गेलेले, झाडं फुलावर आलेली. पेट्या बांधावर मांडल्या, वर पत्रा टाकला, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मामी लांबूनच बघत होत्या. त्यांना लहानपणी आग्यामोहोळ उठलेलं आठवत असावं.

आठ दिवसांनी मी गेले तेव्हा मामा बांधावर उकिडवे बसून माश्यांची ये-जा बघत होते. ये-जा जोरात होती, पण सगळी बांधापलीकडे. शेजाऱ्याची काकडी पिवळीधमक फुलली होती आणि आमच्या पेटीतून निघालेली माशी सीताफळाच्या डोक्यावरून सरळ तिकडे जात होती. वाटेत एखाद्या झाडाला प्रदक्षिणा घालून बघावं, एवढंसुद्धा नाही.

"भाडं आपलं अन् पंगत त्याच्या दारात," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "गुळाचं पाणी शिंपडू का गं झाडांवर?"

मला हसू आलं, पण माशी सीताफळाकडे का फिरकत नाही, हे मलाही सांगता येत नव्हतं. लहानपणापासून दर दिवाळीच्या आगेमागे पाट्याच्या पाट्या सीताफळं खाल्लेली, बिया अंगणभर थुंकलेल्या. पण सीताफळाचं फूल कसं असतं, असं कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. तुम्हीही आठवून बघा.

ते दिसत नाही याचं कारण ते दिसण्यासाठी केलेलंच नाही. पानाच्या आड, मान खाली घालून लोंबणारं, हिरवट पिवळं, इंचभर लांबीचं. बोट लावलं तर रबरासारख्या वाटणाऱ्या तीन जाड पाकळ्या. लांबून बघणाऱ्याला ती कोवळी शेंगच वाटावी. रंग नाही, मध नाही. वास आहे, पण तो फुलाचा म्हणावा असा नाही. पिकून थोडं पुढे गेलेल्या फळाचा वास असतो ना, टोपलीच्या तळाशी राहिलेल्या, त्याचा पुसटसा अंश. मधमाशीनं इथे यावं तरी कशासाठी?

मामांनी नखानं एका फुलाची पाकळी उचकटली. आतून तीन-चार काळपट तपकिरी ठिपके त्यांच्या तळहातावर पडले आणि चालायला लागले.

"ही बघ. फुलातच कीड हाय. दुकानात इचारलं मी, बाटली दिलीया त्यानं. उद्या पंप मारतो, मग बघू कसं धरत न्हाई."

मी मोबाइलवर छोटी भिंगाची क्लिप लावून फोटो काढला. दोन-तीन मिलिमीटरचे भुंगेरे होते ते. पाठीवरची कठीण पंखांची झूल आखूड, त्यामुळे शेवटाकडचा भाग उघडा, एखाद्यानं लहान मापाची बंडी घालावी तसा. अंगावर पिठासारखं काहीतरी चिकटलेलं. कीटकांवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीला फोटो पाठवला आणि विचारलं, हे काय? तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. उत्तराच्या आधी एक प्रश्न होता : "पंप मारला नाही ना अजून?"

ते भुंगेरे निटिड्युलिडी नावाच्या कुळातले. सीताफळाचं परागीभवन मुख्यतः हेच करतात. अंगावरचं पीठ म्हणजे पराग. दुकानदारानं दिलेली बाटली बागेतल्या कामकऱ्यांवरच रिकामी होणार होती.

हे काम चालतं कसं, ते समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण त्यात काम दिसतच नाही. सीताफळाचं प्रत्येक फूल आधी मादी असतं आणि मग नर होतं. पहिल्या टप्प्यात पाकळ्यांना जेमतेम फट पडते. आत मधोमध स्त्रीकेसरांची बारीक उतरंड, चिकट, चमकणारी. तिच्याभोवती पुंकेसरांचं कडं, पण ते अजून मिटलेलं. भुंगेरा फटीतून आत शिरतो, आणि आत शिरला की त्याला बाहेर यायची घाई नसते. अंधार आहे, ओल आहे, वास ओळखीचा आहे, कुरतडायला जाड पाकळी आहे, आणि आणखी चार भुंगेरे आधीच येऊन बसलेले असल्यामुळे जोडीदारही मिळतो. तो तिथे चक्क मुक्काम ठोकतो. काही तासांनी उतरंडीवरची चिकट चमक वाळते, पुंकेसर मोकळे होतात, पाकळ्या फाकतात. आसरा मोडला. पराग अंगभर माखलेला पाहुणा निघतो आणि वासाच्या मागानं दुसऱ्या, अजून मिटलेल्या फुलात शिरतो. तिथली उतरंड चिकटच असते. झालं काम.

म्हणजे खाणं, लोळणं, सोयरीक आणि घर मोडलं की पुढचं घर. यात कष्टाळूपणाचा लवलेश नाही. मधमाशी कशी, दिवसाउजेडी फुलामागून फूल घेते, पायांना परागाच्या पिशव्या लावते, शाळेच्या पुस्तकात उद्योगीपणाच्या धड्यात बसते. भुंगेरा तुमच्या घरी येऊन चार दिवस राहणाऱ्या, पलंगावर लोळून चिवडा खाणाऱ्या भाचरासारखा. (हे मी स्वतःच्या बालपणाला स्मरून म्हणते. मामींनी कधी तोंड वाकडं केलं नाही.) त्याच्या असण्यानं काही होत असेल असं कुणाच्या मनातच येत नाही.

आपल्या भाषेनंही त्याला तसंच वागवलंय. शेतकऱ्याला भुंगेऱ्यांची नावं भरपूर ठाऊक आहेत, पण ती सगळी भांडणातून आलेली. उसाची मुळं खाणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी. नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा, माडाचं खोड आतून पोकळ करणारा सोंड्या भुंगा, बाजरीच्या कणसावर बसणारे हिंगे, गव्हाच्या कोठीत पडणारे टोके. प्रेमानं नाव मिळालं ते काजव्याला, काडेपेटीत पाळलेल्या सोनकिड्याला आणि फार तर गोळा ढकलणाऱ्या शेणकिड्याला, तेही हसत हसत. सीताफळाच्या फुलातल्या या ठिपक्याला माझ्या माहितीत मराठी नावच नाही. मामा त्याला चिलटं म्हणतात. ते चूक आहे, पण निदान कीड तरी म्हणत नाहीत आता.

पुरंदरच्या लोकांची पंचाईत अशी की तिथलं दुसरं नावाजलेलं फळ आहे अंजीर. जगात कित्येक अंजिरांना फळ धरायला एका बारीक गांधीलमाशीची गरज लागते, पण आपल्याकडचं पूना अंजीर परागीभवनावाचूनच फळ धरतं. त्याला कुणी पाहुणा नको. पिढ्यान्‌पिढ्या अंजीर केलेल्या माणसाला फुलात कोण येतं-जातं याकडे बघायची सवय लागावी तरी कशी? पाणी, खत, छाटणी आणि औषध, एवढ्यात शेती संपते.

सीताफळाचं तसं नाही, आणि ते फळाच्या अंगावरच लिहिलेलं असतं. सीताफळाच्या सालीवरचा प्रत्येक उंचवटा, ज्याला आपण डोळा म्हणतो, तो मुळात फुलातल्या त्या उतरंडीमधला एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला तो फुगतो, त्याच्या आत गर येतो, गरात एक काळी बी. ज्याला नाही मिळाला तो तसाच राहतो. एका बाजूनंच पराग पडला तर फळ त्या बाजूला भरतं आणि दुसऱ्या बाजूला बसकं राहतं. फारच थोड्यांना मिळाला तर फूल गळूनच जातं. बाजारात पाटीच्या तळाशी सारलेली, एका गालावर झोपल्यासारखी दिसणारी सीताफळं तुम्ही पाहिली असतील. वाकडेपणाचं एवढं एकच कारण असतं असं नाही, पण बरेचदा ती फुलात कमी आलेल्या पाहुण्यांची नोंद असते. तेव्हापासून मी सीताफळ खाताना बिया मोजते. घरातले वैतागतात. पण एकेका बीमागे परागाचा एकेक कण कुणीतरी अंगावर वाहून आणलाय, हे एकदा कळलं की मोजल्याशिवाय राहवत नाही.

मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेतकऱ्यानं विचारावा तोच प्रश्न विचारला : "मग ही आणायची कुठनं? पेटीत मिळत्यात का?"

नाही मिळत. आणि इथे मला त्यांच्या बागेचं वेगळंच कोडं दिसलं. हे भुंगेरे वाढतात कुजक्या, आंबलेल्या फळांत. मामांची बाग तालुक्यात स्वच्छ म्हणून ओळखली जाते. पडलेलं फळ दिसलं की उचल, खड्ड्यात पूर, झाडाखाली काडी शिल्लक नाही. त्यातही चूक काढता येत नाही, कारण फळमाशीही त्याच सडक्या फळांत वाढते. म्हणजे जी घाण शत्रूची तीच कामकऱ्याचीही. परदेशात सीताफळाच्या जातीच्या बागांमध्ये मुद्दाम आंबलेली फळं ठेवून, त्यांचा वास पसरवून भुंगेरे बोलावण्याचे प्रयोग झालेले आहेत. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्रॅनाडाच्या बाजूला, चिरिमोया नावाचं सीताफळाचं भावंड पिकवतात. ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं. स्पेनमध्ये भुंगेऱ्यांच्या भरवशावर पुरेसं फळ धरत नाही म्हणून माणसं ब्रश घेऊन एकेक फूल हातानं फळवतात.

तोही उद्योग आम्ही केला. एका रविवारी पहाटे मी आणि मामी, चित्रकलेचे दोन ब्रश आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन बागेत. फाकलेल्या फुलांतून पराग डबीत झाडायचा, मिटलेलं फूल दोन बोटांत धरून पाकळी हलकेच बाजूला करायची, उतरंडीभोवती ब्रश फिरवायचा. सगळ्या बाजूंनी, नाहीतर फळ वाकडं. दोन तासांत साठ फुलं झाली आणि मान धरली. मामी म्हणाल्या, "या परीस बाळंतपण सोपं." ज्या कामाला आम्ही दोघी दोन तासांत थकलो ते दीड एकरावर रात्रभर कुणीतरी झोपल्या झोपल्या करत होतं, आणि आम्ही त्याच्यासाठी बाटली आणली होती.

सीताफळाच्या झाडाची गंमत अशी की त्याचा किड्यांशी व्यवहारच दुटप्पी आहे. त्याची पानं बकरीसुद्धा खात नाही, म्हणून तर ते उघड्या माळावर तगतं. तीच पानं दशपर्णी अर्कात पडतात, किडे पळवायला. बियांची पूड आज्या उवांवर लावायच्या, डोळ्यांना जपून. अंगभर 'येऊ नका' अशी पाटी लावलेल्या या झाडानं फक्त फुलाचं दार किलकिलं ठेवलंय.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला ज्ञानोबांचा भुंगा आठवला. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मनातला स्नेह सांगताना ते म्हणतात, कोरडं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकतो. प्राण गेला तरी पाकळी चिरणं त्याला जमत नाही. लाकूड पोखरणारा म्हणजे तो काळा, जाडजूड, वाशांना भोकं पाडणारा भुंगा असणार. तो मधमाशीच्या गोतातला, भुंगेरा नव्हे. आपल्या भाषेत भुंगा, भ्रमर, भृंग, भुंगेरा ही सगळी मंडळी एकाच ओसरीवर बसलेली आहेत. कवीला तेवढी फोड करायची गरज नव्हती, आणि ओवीला त्यानं काही उणेपणा येत नाही.

पण मिटलेल्या कमळात रात्री खरोखर काय चालतं, हे १९९६ साली रॉजर सेमूर आणि पॉल शुल्त्झे-मोटेल या दोघा शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडच्या वनस्पती उद्यानात मोजलं होतं. ते कमळ आपलंच, पवित्र कमळ. बाहेर हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाच्या आतलं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान टिकून होतं. माणसाच्या अंगाइतकी ऊब, तीही फूल स्वतः पेटवतं, स्वतःच कमी-जास्त करतं. कशासाठी, तर त्यांचा अंदाज होता, आत राहायला येणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी. थंड रक्ताच्या किड्याला रात्री हलायचं, खायचं, जोडी जमवायची तर अंग तापवायला शक्ती खर्चावी लागते. कमळ ती शक्ती वाचवून देतं. म्हणजे आत अडकलेला जीव प्रेमापायी गुदमरत नसतो. बाहेर गारठा असताना तो शेकोटीला बसलेला असतो, आणि सकाळी पराग माखून निघतो. मला ही गोष्ट ओवीइतकीच आवडते. दोन्हींत पाकळी न फोडणं आहे, फक्त दुसऱ्यात त्याला फोडायची इच्छाच नाही.

ही मुक्कामाची रीत फार जुनी. भुंगेरे पृथ्वीवर फुलं येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि फुलं आली तेव्हा त्यांच्या दारात आलेल्या पहिल्या पाहुण्यांत ते होते. म्यानमारमध्ये सापडलेल्या राळेच्या एका खड्यात सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा एक भुंगेरा अडकलेला आहे. २०१९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच्या अंगावर आणि आसपास फुलाच्या परागाचे ६२ कण मोजता आले. डायनोसोर चालत-बोलत होते तेव्हाची ही पिठानं माखलेली बंडी. सोनचाफ्याचं आणि सीताफळाचं कूळ त्याच जुन्या वळणाचं. हिरवा चाफा हा तर सीताफळाचा सख्खा नातलग. त्याचा वास पिकल्या फळासारखा का येतो, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. आपण तो केसांत माळतो, पण पत्ता आपल्यासाठी लिहिलेला नव्हता.

माझ्या सासरी, ठाण्याला, जूनमध्ये शेवळं येतात. आदिवासी बाया जुड्या बांधून आणतात, बरोबर काकडं, ती आंबट रानफळं, खाज मोडायला. सासूबाईंच्या हातची शेवळाची कणी म्हणजे वर्षातून एकदाच होणारा सोहळा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी ती भाजी समजून खात होते. शेवळ म्हणजे सुरणाच्या गोतातल्या रानटी झाडाचा न उमललेला फुलोरा, हे मला सीताफळाच्या नादात कळलं. उमलला असता तर त्यानं कुजका दर्प सोडून भुंगेरे आणि माश्या गोळा केल्या असत्या. तळाशी मादी फुलं, वर नर फुलं, तोच आधी-मागचा क्रम. हे मी जेवताना बोलून गेले. सासूबाई म्हणाल्या, "उमललं की त्याला घाण वास सुटतो, म्हणून तर मिटलेलं घेतो आपण. हे काय पुस्तकात वाचायला हवं होतं?" त्यांचं बरोबर होतं.

आणि जायफळ. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत लावतात ते. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, म्हणून बागेत काही नर राखावेच लागतात. दक्षिण भारतातल्या जायफळावर १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासात त्याचा परागवाहक निघाला मुंगीसारखा दिसणारा एक चिमुकला भुंगेरा. श्रीखंडावर जायफळ किसताना हे सांगून बघा, पंगतीतलं कुणी ऐकणार नाही.

तेलमाडाची गोष्ट मात्र पैशांची असल्यामुळे लोकांनी ऐकली. पश्चिम आफ्रिकेतलं हे झाड मलेशियात नेलं, पण त्याच्यासोबत त्याचा सोंडकिडा नेला नाही. मग मळ्यांमध्ये मजूर लावून हातानं परागीभवन करायची वेळ आली. १९८१ साली रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञाच्या अभ्यासावरून कॅमेरूनमधला तो सोंडकिडा तिथे सोडला आणि मजुरांचं ते काम संपलं. फरसाणाच्या पुडीवर पामतेल लिहिलेलं असतं, सोंडकिड्याचं नाव कुठेच नसतं.

मधमाश्यांवर माझा राग नाही. कांद्याचं बी, सूर्यफूल, काकडी, कितीतरी पिकं त्यांच्याशिवाय बसतील. फक्त 'परागीभवन' म्हटलं की पेटी आणून ठेवायची, हे मला आता कुठलाही ताप आला की एकच गोळी देण्यासारखं वाटतं. मामांच्या पेट्या महिनाभरानं परत गेल्या. शेजाऱ्यानं काकड्या पाठवल्या, दोन पिशव्या भरून. तेवढा माणूस भला.

यंदा मामांनी बागेच्या कडेला, विहिरीकडच्या कोपऱ्यात, एक फुटकं घमेलं ठेवलंय. त्यात पिकून गेलेली केळी, पपईच्या साली, अननसाचे तुकडे. मामींना तो वास सहन होत नाही, आणि त्या तो दिवसातून दोनदा बोलून दाखवतात. फळमाशीचे सापळेही शेजारीच टांगलेत, कारण मामांचा माझ्यावर विश्वास आहे, पण एवढाही नाही. पिठ्या ढेकूण आला तर पंप निघणारच, हे त्यांनी आधीच बजावलंय. "फुलं सोडून मारीन," एवढी सूट दिली आहे. फुलं सोडून कसं मारणार, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

परवा पहाटे गेलो होतो बागेत. मामांनी एक फूल हातात घेतलं, पाकळी नखानं नाही, अंगठ्याच्या पोटानं जरा बाजूला केली. आत चार होते. एक भिंतीला तोंड लावून, बाकीचे एकमेकांवर. मामांनी पाकळी परत जागेवर सारली.

"झोपलीत," ते हळू आवाजात म्हणाले. "चल, चहा झाला असंल."